आमंत्रण लागत नाही

जनीबाईंची खानावळ एका ओळीनं बंद पाडली. कुणाला जुलाब झाले नाहीत, भातात खडा निघाला नाही, कालवणात केस सापडला नाही. नुसती एक ओळ, आणि तीही धड शिवी नाही की आरोप नाही: ‘हे वाचल्याशिवाय कडावच्या जनीबाईंकडे जेवायला जाऊ नका!’

ती लिहिली दहिवलीच्या नवीननं. ‘शनिवार-रविवार कर्जत’ नावाचा त्याचा ब्लॉग होता. कुठला धबधबा, कुठलं फार्महाऊस, कुठे काय खावं, असलं सगळं तो लिहायचा आणि मुंबई-पुण्याची माणसं वाचायची. एका रविवारी तो कडावला जनीच्या पडवीत येऊन बसला. वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या चार भाकऱ्या त्यानं चापल्या, पाचवी मागून घेतली, वर ‘काकी, तुमचा हात कोण धरणार!’ असंही म्हणाला. घरी जाऊन लेख लिहिला, आणि वर मथळा म्हणून ती ओळ दिली. लेखात तक्रारीचा शब्द नव्हता. जाण्याआधी फोन करा, कारण एक वाजता कालवण संपतं, एवढीच काय ती सूचना होती. ‘हे वाचल्याशिवाय’ म्हणजे हे.

पण लेख उघडतो कोण? त्या ओळीचा फोटो काढून कुणीतरी ग्रुपवर टाकला. कर्जतच्या ग्रुपवरून तो खालापूरला गेला, खोपोलीला गेला, पनवेलच्या सोसायट्यांत गेला. प्रत्येक मुक्कामी त्याला शेपूट फुटलं. पंधरवड्यात पनवेलचं एक कुटुंब दवाखान्यात दाखल झालं होतं, महिन्यात त्यातली एक म्हातारी गेलीसुद्धा होती. त्या म्हातारीला कुणी पाहिलं नव्हतं, पण तिच्याबद्दल हळहळ मात्र सगळ्यांनी केली. दोन महिन्यांत जनीच्या पडवीतल्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या.

वीस वर्षं जिनं आसपासच्या गावांत लग्नाच्या मांडवात दोन-दोन हजार माणसांचं रांधलं, ती बाई आता एका फार्महाऊसवर भांडी घासायला जाते. तिथला आचारी कालवणात साखर घालतो. जनीला चुलीजवळ येऊ देत नाहीत, कारण फार्महाऊसच्या मालकिणीनंही ती ओळ वाचलेली आहे. जनी काही बोलत नाही, साखरेचं कालवण लागलेली पातेली राखेनं घासते आणि संध्याकाळी घरी येते. हर्षलाला, तिच्या एकुलत्या एक लेकीला, हे गप्प बसणंच जास्त झोंबायचं. आईनं एकदा तरी बोटं मोडावीत, तळतळाट द्यावा, असं तिला वाटे. आई देत नाही म्हटल्यावर तो द्यायचं काम आपल्याकडे आलं, असं तिनं ठरवून टाकलं.

आधी ती सरळ मार्गानं गेली. सतरंज्या गुंडाळल्या त्याच आठवड्यात नवीनच्या दारात उभी राहिली.

“नवीनदादा, ते वरचं वाक्य बदला. लोक भलतंच समजतायत.”

“अगं, वेडी का तू?” नवीन हसला. “अडीच लाख लोकांनी पाह्यलं ते. तुज्या आयशीचं नाव कर्जतच्या बाहेर कोणाला ठाऊक होतं? फुकटची जाहिरात झाली.”

“गिऱ्हाईक येत नाय आता.”

“ते टायटलमुळं नाय. टायटल हे नुसतं बोट लावायला असतं गं. टायटल वाचून कोणी काय ठरवत नसतं.”

“मग बदलायला काय जातंय?”

“बरं, तू दुसरं दे. चांगलं असंल तर बदलतो.”

हर्षलानं तिथंच उभ्या उभ्या दिलं: ‘कडावच्या या पडवीत एक वाजता कालवण का संपतं?’ नवीननं मान वाकडी केली, ओठांतल्या ओठांत ते पुन्हा म्हटलं आणि तिच्याकडे नव्यानं पाहिलं. मथळा काही त्यानं बदलला नाही. चालत्या मथळ्याला हात लावायचा नसतो म्हणाला. पण तुला कान आहे, माझ्याकडे कामाला ये, असं मात्र म्हणाला.

आणि हर्षला गेली. लोकांनी नावं ठेवली. आईच्या पोटावर पाय देणाऱ्याच्या दारात लेक नोकरी करते, म्हणाले. म्हणोत बापडे. साप कुठल्या बिळात राहतो ते बिळाशी बसल्याशिवाय कळत नाही, आणि हर्षलाला घाई नव्हती.

पहिल्याच दिवशी तिच्या हाती ब्लॉगची किल्ली आली तेव्हा तिनं आईवरची ती ओळ बदलली. संध्याकाळी वाचकांचा आकडा घसरलेला पाहून नवीननं ती परत होती तशी केली, आणि तिला रागावलाही नाही. नवखी आहे, शिकेल, असं म्हणाला. तसंही ओळ बदलून काही होणार नव्हतं. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोला कोण दुरुस्त करणार?

दीड वर्ष ती मथळे लिहायला शिकली. मथळ्यात गावाचं नाव घालायचं, कारण आपल्या गावाचं नाव दिसलं की माणूस थबकतो. आकडा घालायचा तर पाच, सात, नऊ. सम आकड्याला लोक भुलत नाहीत. ‘या’, ‘ही’, ‘हे’ म्हणायचं आणि कोण ते सांगायचं नाही. भीती थोडी, मोह थोडा, आणि सगळं मोबाईलच्या पडद्यावर दोन ओळींत मावलं पाहिजे. ‘माथेरानला जाताना ही चूक पंच्याण्णव टक्के लोक करतात’ हा तिचा मथळा. चूक काय, तर टोपी न नेणं. चार लाख लोकांनी ती टोपी वाचली. नवीन खुशीत आला, तिला ‘आमची टायटलवाली’ म्हणून मित्रांना दाखवू लागला.

पण एक गोष्ट हर्षला आपली आपण शिकली, ती तिनं नवीनला सांगितली नाही. एका लहानशा गावच्या जत्रेबद्दल तिनं एकदा आळसानं साधाच मथळा दिला होता: ‘मंगळवारी सकाळी दहाला, देवळामागं, गरम गूळपोळी.’ आकडा अगदी किरकोळ आला. नवीन म्हणाला, पाणी घातलंस गं. पण बुधवारी त्या गूळपोळीवाल्या बाईचा फोन आला. ती म्हणाली, ताई, पुन्यांदा लिवू नका, साडेदहालाच पीठ संपलं आणि लोक माझ्या अंगावर आले. हर्षलानं फोन ठेवला आणि तो मथळा काढून पुन्हा वाचला. गूढ मथळ्यानं माणसाचं बोट हलतं. वार, वेळ, जागा आणि जेवण सांगितलं की अख्खा माणूस हलतो. नवीनला हे कधीच कळलं नव्हतं, कारण त्यानं आयुष्यात खरा मथळा लिहिलाच नव्हता.

मार्चमध्ये नवीनचं लग्न ठरलं. मुलगी खालापूरकडची, नम्रता नावाची. लग्न रविवारी, हळद शनिवारी. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला आमंत्रणपत्रिका लागते, हळदीला माणूस वासावर येतो. मांडवाच्या तोंडाशी यजमान हात जोडून उभा असतो आणि येणाऱ्याला तू कोण, कुणाकडून आलास, असं विचारत नाही. विचारणं म्हणजे अपमान. आलेला प्रत्येक जण जेवून गेला पाहिजे. मांडवातून कुणी उपाशी परतला तर ते घर त्या एका गोष्टीसाठी ओळखलं जातं; नातवाची सोयरीक करायला गेलं तरी समोरचा म्हणतो, ‘तेच का तुमी, हळदीला भात पुरला नव्हता?’ नवीनचे वडील आबाजी हे सगळं पाळणारे. पांढरी टोपी, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. दहिवलीत त्यांचा शब्द चालायचा.

हळद खरं तर रात्रीची. नवीननं ती दुपारी ठेवली, व्हिडिओला उजेड चांगला मिळतो म्हणून. आणि लेखही लिहिला, ‘आमच्याकडची हळद’. त्यात हाच सगळा थाट होता: आमच्याकडे नाव विचारत नाहीत, जेवल्याशिवाय सोडत नाहीत, दहा बोकड, तांदळाच्या भाकऱ्या. लेख हर्षलाकडे आला, मथळ्यासाठी.

तिनं मथळा लिहिला. दोनदा वाचला. मग उठून पाणी प्यायली.

‘शनिवारी दुपारी बाराला दहिवलीत हळदीचं मटण-भाकरी. आमंत्रण लागत नाही, नाव विचारत नाहीत.’

चोरून करायचं तिच्या मनात नव्हतं. ज्याचा गळा कापायचा त्यानंच सुरीला धार लावून द्यावी, अशी तिची इच्छा होती. नवीन शिंप्यासमोर हात पसरून उभा होता, शेरवानीचं माप चाललं होतं. तिनं फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

“नवीनदादा, हे जाऊ दे ना?”

त्यानं वाचलं. “लांब हाय. आणि गूढ काय नाय यात.”

“तुमच्या हळदीत गूढ कशाला? थाट दिसू दे.”

“ते बी खरं.”

“पण कोणी खरंच आलं तर?” हे तिनं मुद्दाम विचारलं. शेवटची संधी दिली म्हणा, नाहीतर शेवटची गाठ मारली म्हणा.

नवीन मोठ्यानं हसला. शिंप्याची टेप घसरली. “अगं, दीड वर्ष काय शिकलीस? टायटल वाचून कोण उठून चालाय लागतं? टाक बिनधास्त. आणि मांडवाचा नकाशा पन जोड, खरं वाटतं.”

नकाशा तिनं जोडला.

गुरुवारी लेख गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत सहा लाख लोकांनी पाहिला. नवीन जो भेटेल त्याला आकडा सांगत सुटला. लोक हा मथळाही फोटो काढून ग्रुपवर टाकत होते आणि नवीन त्या फोटोंवर बदाम ठोकत होता.

शनिवारी अकरा वाजता नवीनला हळद लागली. एकदा हळद लागली की नवरदेवानं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दृष्ट लागते, वारं लागतं, काय काय लागतं. तो पाटावर पिवळाजर्द बसला होता, चौघी बायका त्याला चोळत होत्या आणि गाणी चालू होती. हर्षला मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसली. तिनं नवी साडी नेसली होती. अशा दिवसाला साधं येऊन कसं चालेल?

साडेअकराला पहिली गाडी आली. बदलापूरचं एक कुटुंब, सहा माणसं, टोप्या-गॉगल लावून. आबाजींनी हात जोडले, “या, या, जेवून जावा.” मग दोन गाड्या. मग एक मिनीबस, तिच्यावर कुठल्याशा भटकंती मंडळाचा फलक. आबाजींची छाती फुगली. पोराची ओळख केवढी आहे, असं ते शेजाऱ्याला म्हणालेही. स्टेशनकडून रिक्षा येऊ लागल्या. साडेबाराला गावात येणाऱ्या पुलावर गाड्यांची रांग लागली. एक वाजता ती रांग पार पलीकडच्या चौकापर्यंत गेली. माणसं गाड्या सोडून चालत येत होती, पोरं खांद्यावर, फोन हातात, फोनवर नकाशा.

जेवण बाराशे माणसांचं होतं. आचाऱ्यानं दीडला येऊन आबाजींच्या कानात काहीतरी सांगितलं. आबाजींचे जोडलेले हात तसेच राहिले, पण खाली आले. मटण संपलं होतं. भाकऱ्या करणाऱ्या बायकांचे हात भाजून निघाले होते. मांडवात अडीच-तीन हजार माणसं उभी होती आणि पुलावरून अजून येतच होती. पनवेलचा एक गृहस्थ मोठ्यानं विचारत होता, “मटण कुठंय? लिहिलंय ना इथं?” नम्रताच्या घरी खालापूरला उष्टी हळद घेऊन जाणाऱ्या बायका ताट सजवून बसल्या होत्या आणि त्यांच्या गाडीला बाहेर पडायला वाट नव्हती. व्याह्यांचे फोनवर फोन येत होते.

नवीन पाटावरून उठला. त्यानं गर्दी पाहिली. मग गर्दीच्या हातातले फोन पाहिले. मग कडेला बसलेल्या हर्षलाकडे पाहिलं. त्याच्या पिवळ्या तोंडावर तेव्हा जे उमटलं ते पाहायला हर्षला दीड वर्ष थांबली होती. तिनं मान किंचित हलवली. लाखाचा आकडा दाखवताना नवीन हलवायचा, अगदी तशी. 

आता तो येईल, तिनं मनात म्हटलं. आपल्यापुढे येईल, हात जोडेल. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं.

पण नवीनला मांडवाबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. आले ते आबाजी. सगळी गर्दी ओलांडून, धापा टाकत. टोपी हातात होती. ती डोक्यावरून कधी काढली हे त्यांनाही ठाऊक नसावं.

“पोरी, तू कडावच्या जनीची ना?”

“हो.”

“चल. टेंपो उभा केलाय मागल्या वाटंला. तुज्या आयशीशिवाय आज माजी अब्रू ऱ्हात नाय. एका वक्ताला दोन हजार मानसांचं रांधनारी दुसरी बाई या अंगाला नाय.”

 हर्षलानं पाठ केलेलं सगळं नवीनसाठी होतं. ती उठली आणि त्यांच्यामागे गेली.

टेंपो शेतांमधल्या कच्च्या वाटेनं धूळ उडवत निघाला. आबाजी तिच्या शेजारी टोपी मुठीत आवळून बसले होते. गाव मागं पडल्यावर म्हणाले, “जनीची खानावळ चांगली चालली व्हती. का बंद केली गं तिनं?”

म्हणजे या माणसाला माहीतच नव्हतं. हर्षलानं एवढंच म्हटलं, “नवीनदादाला विचारा.” आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. 

जनी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आबाजी अंगणातच उभे राहिले.

“जनी, मांडवात मानसं उपाशी हायत.”

जनीनं शेंगा बाजूला सारल्या. “किती?”

“तीनेक हजार. अजून येतायत.”

“तांदूळ?”

“कोठी भरून हाय.”

“कालवनाला काय?”

“काय बी नाय उरलं. कांदे-बटाटे हायत. बाजारातून जवळा आनवता येईल.”

“जवळा आना. सुकाच, दहा पाट्या. चिंच आना.” जनी उठली, पदर खोचला, आणि माळ्यावरचे मोठे टोप उतरवायला शेजारणींना हाका मारू लागली. दीड वर्ष पालथे पडलेले टोप. हर्षला बघत राहिली. तिचा संताप झाला, नवीनवर नव्हे, आईवर. एवढं सोपं? एका हाकेला? ज्यानं चूल विझवली त्याच्याच मांडवात चूल पेटवायला ही बाई पदर खोचून निघाली?

टेंपोत पाय ठेवता ठेवता जनी थांबली.

“आबाजी, एक हाय. मी रांधीन, पन वाढायच्या आदी नवीननं मायकावर बोललं पायजे. त्यानं काय केलं ते. त्याच्या तोंडानं.”

“काय केलं त्यानं?”

“ते तुमी बी तवाच ऐका.”

आईच्या तोंडाकडे पाहताना हर्षलाला कळलं, की पावणेदोन वर्षं ही बाई गप्प बसली होती ती सोसत नव्हती. ती थांबली होती. लेकीपेक्षा जास्त थांबली होती.

पुढचे दोन तास मांडवामागे काय चाललं होतं ते सांगण्यात अर्थ नाही, ते बघायलाच हवं होतं. सहा चुली, सहा बायका आणि मध्ये जनी, हातात पळी, तोंडात शिवी. दहिवलीच्या मोठमोठ्या घरच्या सुना तिच्या ओरडण्यावर कांदे चिरत होत्या. फोडणीत जवळा पडला तेव्हा त्या वासानं मांडवातला कलकलाट निम्मा झाला. कुणी परत गेलं नाही. जाणार तरी कसं, गाड्या अडकलेल्या होत्या.

चार वाजता भाताचे टोप मांडवात आले, कालवण आलं, पत्रावळी पडल्या. जनी टोपापाशी उभी राहिली आणि तिनं पळी टोपावर आडवी ठेवली. डीजे बंद झाला. नवीन मांडवातल्या मंचावर आला, पिवळा, घामानं ओघळलेला, हातात माईक.

“मित्रांनो,” त्यानं सुरू केलं, “तुम्हाला विश्वास बसणार नाही, पण आज तुम्ही जे खाणार आहात...”

“असं नाय,” जनी म्हणाली. तिला माईक लागला नाही. “सरळ बोल.”

 नवीननं घसा साफ केला. “कडावच्या जनीकाकी, कर्जतची शान, यांच्याबद्दल मध्यंतरी थोडा गैरसमज पसरला होता...”

“कुनी पसरवला?”

नवीननं वडिलांकडे पाहिलं. आबाजी टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांनी नजर हटवली नाही. तीन हजार माणसं, तीन हजार पत्रावळी, भाताची वाफ. हर्षलाला आधी वाटलं होतं, नवीन रडला की आपल्याला बरं वाटेल. तो रडत नव्हता. तो शब्द शोधत होता, कारण आयुष्यभर आकडे वाढवणारे शब्द लिहून त्याला साधं वाक्य जुळवता येत नव्हतं. हे पाहणं रडण्यापेक्षा कितीतरी चवीचं होतं.

“मी,” तो शेवटी म्हणाला. “मी पसरवला. जनीकाकींच्या जेवणात खोट नव्हती. माझा आकडा वाढावा म्हणून मी लोकांना भीती घातली. काकी मला सांगायला आल्या नाहीत, त्यांची मुलगी आली, तिला मी हसलो. त्यांची खानावळ माझ्यामुळे बंद पडली.”

जनीनं पळी उचलली. “वाढा,” ती म्हणाली.

त्यानंतर जी पंगत बसली तिच्यात कुणी मटणाचं नाव काढलं नाही. जवळ्याचं कालवण लोकांनी वाट्या चाटून खाल्लं. पनवेलच्या त्या गृहस्थानं भात चौथ्यांदा घेतला आणि जनीचा फोन नंबर मागितला. त्याच्या मागे रांग लागली. नवीनचं बोलणं शंभर फोनांत भरलं गेलं होतं आणि पंगत उठायच्या आधीच ते कडावला पोचलं, नेरळला पोचलं, त्या फार्महाऊसच्या मालकिणीकडेही पोचलं. हर्षला वाढत होती आणि हसू आवरत होती. पाहा, ती मनात म्हणत होती, पाहा कसं पोचतं.

तेवढ्यात खोपोलीच्या एका बाईनं जनीपुढे कौतुकानं फोन धरला. “मावशी, आम्ही हे वाचून आलो हो. नाहीतर तुमच्या हातचं मिळालंच नसतं.”

जनीनं हात पुसले आणि ती ओळ वाचली. शाळा सातवीपर्यंतची, त्यामुळे सावकाश वाचली. मग लेकीला कोपरापाशी धरून टोपामागे नेलं.

“हे तू लिवलंस.”

“नवीनदादानं बघितलं होतं. तोच टाक म्हणाला. नकाशापण त्यानंच...”

“त्यानं काय केलं ते तो बोललाय. तुजं तू बोल.”

“मायकावर?”

“नाय. ज्याच्या डोक्यावरची टोपी उतरली, त्याच्याम्होरं.”

“आई, मी तुझ्यासाठी केलं!”

“ठाऊक हाय. मला बरं बी वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी जा.”

आबाजी मांडवामागे तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर बसले होते. सकाळपासून पहिल्यांदा. पुढ्यात पत्रावळ होती, सगळ्यांचं झाल्यावर घेतलेली. हर्षला त्यांच्यासमोर उभी राहिली. मथळा लिहिताना तिला कधी अडायला होत नसे. आता झालं.

“आबाजी, ही माणसं मी बोलावली. मुद्दाम. भात संपावा म्हणून.”

आबाजींचा घास हातात राहिला. “नवीननं तुज्या आयशीचं केलं म्हनून?”

“हो.”

“आनि मी काय केलं व्हतं गं?”

 दीड वर्षात हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. तिनं खाली पाहिलं. आबाजींनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. पत्रावळीवरचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मग हात धुऊन आले आणि टोपी झटकून डोक्यावर नीट बसवली.

“तुजं लगीन ठरलंय का?”

“नाही अजून.”

“ठरंल. हळद कडावलाच व्हईल ना?”

“हो.”

“मी येनार. आमंत्रन लागत नाय, तूच लिवलंयस. पन एकटा नाय येनार मी. पुऱ्या तालुक्यात माज्या वळखीची जेवढी मानसं हायत, ती घेऊन येनार.”

हर्षला हसली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. आबाजींनी खिशातून साधा, बटणांचा फोन काढून तिच्यापुढे धरला होता.

“यात तुजा नंबर घाल,” ते म्हणाले. “तारीक मला तूच कळवायची.”

तिनं नंबर घातला. एखादा आकडा चुकवावा असं मनात येऊन गेलं, पण ते वरून बघत होते.